साय की ताक?

गेले तीन रविवार आमच्या घरात एकच विषय चालू आहे. शेअर बाजार, राजकारण, हापिसातलं अप्रेझल, सगळं मागे पडलंय. विषय असा की मागच्या खोलीला कुठला पांढरा रंग द्यायचा.

'कुठला पांढरा' असं म्हटल्यावर ज्यांना हसू आलं, त्यांनी अजून घराला रंग दिलेला नाही हे मी पैजेवर सांगतो. मीसुद्धा हसायचो. लग्नाआधी माझ्या लेखी पांढरा, पिवळा, हिरवा असे सात-आठ रंग होते आणि उरलेले सगळे 'डार्क' किंवा 'लाइट'. मग रंगाच्या दुकानातून ते जाडजूड शेड कार्ड घरी आलं आणि त्यात नुसत्या पांढऱ्याची सहा पानं निघाली. प्रत्येक चौकोनाला एक काव्यात्म नाव आणि त्याखाली चार-पाच आकडी कोड. नावं वाचून हा भिंतीचा रंग आहे की आइस्क्रीमचा, ते कळू नये.

सहा पानांतून दोन चौकोन उरले. कार्डावरची नावं आम्हाला लक्षात राहीनात, म्हणून बायकोने बारसं केलं. एक किंचित पिवळसर, उबदार, तो 'साय'. दुसरा किंचित राखाडीकडे झुकणारा, तो 'ताक'. मी सायीच्या बाजूने, ती ताकाच्या. रंगारी तिसरा पक्ष. तो मूळचा सोलापूरकडचा. त्याने दोन्ही चौकोन उन्हात धरले, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "सायेब, येकच हाय की वो ह्ये. कुठला बी मारा."

आता मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. 'एकच आहे' या विधानावर मी सहजासहजी विश्वास ठेवत नाही. दोन गोष्टी एकच आहेत की नाहीत हे तपासण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. तेव्हा बसलो लॅपटॉप उघडून. साय: लाल २४४, हिरवा २३९, निळा २२६. ताक: २३५, २३६, २३३. पण या आकड्यांची नुसती वजाबाकी करून उपयोग नसतो, कारण आपला डोळा सगळ्या रंगांतले फरक सारख्याच हिशेबाने मोजत नाही. त्यासाठी सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ साली 'लॅब' नावाची मोजपट्टी ठरवली. एक आकडा उजळपणाचा, एक लाल-हिरव्याचा, एक पिवळ्या-निळ्याचा. दोन रंगांतलं या पट्टीवरचं अंतर म्हणजे डेल्टा ई. साधारण एक ते दोनच्या आसपास नजरेला फरक जेमतेम जाणवू लागतो. आमच्या साय-ताकाचं अंतर आलं ५.७, आणि त्यातला जवळजवळ सगळा भाग पिवळ्या-निळ्याच्या पट्टीवरचा. उजळपणात नावाला फरक: साय पडलेल्या प्रकाशातला सुमारे ८६ टक्के परत फेकते, ताक ८४.

म्हणजे रंगारी चूक, आम्ही दोघं बरोबर! मी हा निकाल मोठ्या रुबाबात जाहीर केला. बायको म्हणाली, "फरक आहे हे मला आधीच दिसत होतं. कुठला घ्यायचा ते तुझ्या आकड्यात आहे का?"

नव्हतं. :)

दुसऱ्या रविवारी दोन छोट्या डब्या आणल्या आणि भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे मारून घेतले. दोन दोन हात, नीट वाळवून. (ओला असताना निर्णय घेऊ नका. इमल्शन वाळल्यावर सहसा एखादी छटा गडद होतं.) मी फोनने फोटो काढून ताळा करायला गेलो तर सकाळच्या फोटोत साय पांढरीफटक आणि रात्रीच्या फोटोत ताक पिवळं. फोन आपल्या अकलेने 'पांढरं म्हणजे काय' ते दर फोटोत नव्याने ठरवतो. आपण ज्याला माप समजतोय तीच पट्टी रबराची.

या चुकीत मी एकटा नाही याचं जरा समाधान आहे. २००२ च्या जानेवारीत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कार्ल ग्लेझब्रुक आणि इव्हान बाल्ड्री या खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून जास्त दीर्घिकांचा प्रकाश एकत्र करून विश्वाचा सरासरी रंग काढला आणि तो फिकट हिरवट-निळा आहे असं जाहीर केलं. जगभर बातम्या झाल्या. दोनच महिन्यांत त्यांना सांगावं लागलं की आज्ञावलीत गफलत होती. संदर्भासाठी धरलेला 'पांढरा' चुकीचा होता! तो दुरुस्त केल्यावर विश्वाचा रंग निघाला फिकट पिवळसर पांढरा, ज्याला पुढे 'कॉस्मिक लाटे' हे नाव पडलं. २५५, २४८, २३१. थोडक्यात, विश्व सायीच्या बाजूने आहे. हा मुद्दाही मी घरात मांडून बघितला. चालला नाही.

तर मुद्दा असा की रंग डबीत नसतो. निदान पूर्ण तरी नसतो. तो डबी, प्रकाश, शेजार आणि डोळा या चौघांनी मिळून बनतो, आणि पांढऱ्याजवळच्या रंगांत उरलेल्या तिघांचा आवाज डबीपेक्षा मोठा असतो. गडद निळी भिंत कुठल्याही दिव्याखाली निळीच राहते. फिकट भिंत मात्र जो येईल त्याचं ऐकते. आमच्याच खोलीचं बघा. ट्यूबलाइट ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर. तिच्याखाली ताक थेट दवाखाना वाटायचं. तिथेच ३००० केल्विनचा पिवळसर एलईडी लावला की ताक सुरेख दिसायचं आणि साय होऊन जायची पिठलं. दिवसा आणखी तिसराच खेळ. खिडकी उत्तरेला. 'उत्तरेच्या खोलीत थंड, निळसर उजेड येतो, तिथे उबदार रंग द्या' असा सल्ला इंग्रजी पुस्तकांत हमखास असतो. पण तो लंडन-न्यूयॉर्कच्या सूर्याचा सल्ला आहे. तिकडे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच. आपण पुण्यात साडेअठरा अंशांवर; इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडून जातो. शिवाय आमच्या खिडकीसमोर विटकरी रंगाची सोसायटी आहे. हिवाळ्यात तिच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर दिवसभर ऊन पडतं आणि त्यातला गुलाबीपणा उसळून आमच्या खोलीत येतो. त्या गुलाबीत साय आणखीच पिवळी होते, ताक शांत राहतं. शेड कार्ड छापणाऱ्याला समोरची सोसायटी कशी माहीत असणार?

शेजाऱ्याचा परिणाम तर त्याहून मजेशीर. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात शव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्याने तपासलं तर धाग्यात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो काळा फिका वाटत होता. त्यावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. आता आमची चूक बघा. आम्ही साय आणि ताक शेजारी शेजारी मारले होते. त्यामुळे साय आहे त्याहून पिवळी दिसत होती आणि ताक आहे त्याहून राखाडी. प्रत्यक्षात खोलीत दोन्ही कधीच शेजारी येणार नाहीत!

म्हणून माझं एक ठाम मत, फुकट देतो. भिंतीवर पट्टे मारू नका. तीन बाय दोन फुटांचे दोन पुठ्ठे किंवा प्लायचे तुकडे घ्या, त्यांना एकेक रंग द्या आणि एका वेळी एकच भिंतीला टेकवा. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर बघा. खिडकीसमोरच्या आणि खिडकीच्या बाजूच्या, दोन्ही भिंतींना लावून बघा. आणि एक छटा फिकीच घ्या, कारण चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर प्रकाश फेकतात आणि रंग कार्डापेक्षा गडद वाटतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, बाबा रे, ही चैन आहे. खरंय. आमच्या धंद्यात याला नावसुद्धा आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सनने १९५७ साली एका काल्पनिक समितीची गोष्ट लिहिली. अणुभट्टीचा कोट्यवधींचा प्रस्ताव ही समिती दोन-अडीच मिनिटांत पास करते, कारण त्यातलं कोणालाच काही कळत नाही, आणि सायकली ठेवायच्या शेडवर मात्र पाऊण तास घालते, कारण ते सगळ्यांनाच कळतं. पुढे १९९९ साली फ्रीबीएसडीच्या पोल-हेनिंग काम्पने एका ईमेलमध्ये ही गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून प्रोग्रॅमर मंडळी फालतू वादाला 'बाइकशेडिंग' म्हणतात. तर तीन रविवार आम्ही शेडच रंगवत होतो का?

दुसऱ्या रविवारच्या रात्रीपर्यंत मला तसं वाटत नव्हतं. वाद होण्याचं कारणही मला सापडलं होतं. मी ती खोली बघायचो रात्री नऊनंतर, हापिसातून आल्यावर, ट्यूबलाइटमध्ये. मला साय हवीशी वाटणारच. बायको आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, त्याच खोलीत, भर दुपारी. तिला ताक. दोघंही खरं बोलत होतो, फक्त आपापल्या वेळच्या खोलीबद्दल. केवढा शोध! मी खूश होऊन झोपलो.

आणि मग तिसऱ्या शनिवारी अण्णा आले.

हे आधी सांगायला हवं होतं. ही खोली आम्ही रंगवतोय ती अण्णांसाठी. आई गेल्यापासून माझे वडील मिरजेला एकटेच राहतात. दोन वर्षं 'बघू, बघू' म्हणत होते, आता इकडे यायला तयार झालेत. दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डावा अजून व्हायचाय. त्याच्याच तपासणीसाठी आले होते.

मी मोठ्या उत्साहाने त्यांना खोलीत नेलं, पट्टे दाखवले, साय-ताक समजावलं. ते जवळ गेले, मागे आले, मान तिरकी केली. मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "दोन्ही सारखेच की रे." मग हात डाव्या डोळ्यावर. "हां. आता आहे फरक. हा पिवळा आहे." आणि पलंगावरच्या पांढऱ्या चादरीकडे बघून म्हणाले, "तुमचं ते साय-ताक मला भिंतीवर कशाला दाखवताय? ही चादर बघ. या डोळ्याने साय आहे, आणि या डोळ्याने ताक."

मी बघतच राहिलो. नंतर वाचलं. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. मोतीबिंदूत तर जास्तच. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही. ते भिंग काढून कृत्रिम बसवलं की अचानक सगळं निळसर, लख्ख दिसू लागतं आणि मेंदूला नव्या पांढऱ्याची सवय व्हायला काही आठवडे, महिने जातात. चित्रकार मोनेचं १९२३ साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानेही सगळं निळं दिसतंय अशी कुरकुर केली होती. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाकडे मधले काही महिने दोन्ही पांढरे एकदमच असतात. आम्ही तीन आठवडे ज्या ५.७ वर भांडत होतो, तो फरक अण्णा तळहात इकडून तिकडे करून पुसत होते आणि परत आणत होते.

"मग अण्णा, तुम्हाला कुठला आवडतो?" बायकोने विचारलं. तीन आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, हे लिहिताना मला लाज वाटतेय.

"मला रंगाचं काही नाही गं," ते म्हणाले. "ते बटण तेवढं दिसेल असं करा."

आधी कळलंच नाही. मग थोडं खोदून विचारल्यावर बाहेर आलं. गेल्या खेपेला चार दिवस राहून गेले तेव्हा रात्री दोनदा जाग आली. बाथरूमला जायचं होतं. पांढऱ्या भिंतीवर पांढरा बोर्ड, पांढरी बटणं. अंधुक उजेडात भिंत चाचपली, सापडला नाही. दाराची चौकटही आम्ही हौसेने भिंतीच्याच रंगाची करून घेतलेली, 'मिनिमल लुक' म्हणून. दार नेमकं कुठे सुरू होतं तेही उमगेना. पडायची भीती. "मग बसून राहिलो पलंगावर उजाडेपर्यंत. तुम्हाला दिवसभर कामं असतात, कशाला उठवायचं."

अण्णा रेल्वेत गार्ड होते. दर काही वर्षांनी रेल्वे त्यांची रंगदृष्टी तपासायची. ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायची ती पुस्तिका मी लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलेली. ते नंतर हसत म्हणाले, "सिग्नल कधी ऑफ-व्हाइट ठेवलेला बघितलायस का?" ते हसले, मला हसू आलं नाही.

तर आता माझं मत, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. दोन जवळच्या पांढऱ्यांत फरक असतो. ज्यांना तो दिसत नाही ते चूक आहेत आणि त्यावर वेळ घालवणं हा गुन्हा नाही. पण भिंत आणि भिंत यांच्यातला फरक ही दुय्यम गोष्ट आहे. भिंत आणि तिच्यावरच्या वस्तू यांच्यातला फरक आधी बघायला हवा. वयाबरोबर नजरेची धार तर कमी होतेच, पण त्याहून जास्त त्रास देते ती फिकट-गडद वेगळं करण्याची कमी झालेली क्षमता. ब्रिटनमध्ये इमारती सर्वांना वापरता याव्यात म्हणून बीएस ८३०० नावाचं मानक आहे. भिंत आणि दार, भिंत आणि बटण अशा लगतच्या पृष्ठभागांत परावर्तनाचा साधारण ३० गुणांचा फरक असावा असं ते सांगतं. आमची साय ८६, ताक ८४, आणि वर पांढरं प्लॅस्टिक. कुठलाही रंग निवडला असता तरी अण्णा तिथेच चाचपडत बसले असते.

आणि आजकालचे सगळे फ्लॅट असेच आहेत. बिल्डरच देतो तो बिस्किटी रंग, तसलीच फरशी, तसलीच दारं. फोटोत मस्त दिसतं. तिशीतल्या डोळ्यांसाठी, तिशीतल्या लोकांनी केलेली घरं. मिरजेच्या आमच्या जुन्या घरात दर दिवाळीला नीळ घातलेला चुना लागायचा, पण दारं तेलपाण्याची गडद तपकिरी आणि बटणं काळी, लाकडी पाटावर बसवलेली. कोणी मानक वाचून केलं नव्हतं, पण रात्री सापडायची.

हापिसात मी नव्या पोरांना सांगत असतो की स्क्रीन बनवण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाला विचारा. दोन बटणांतला पांढरा-राखाडी ठरवण्यात आठवडा घालवाल आणि वापरणाऱ्याला बटण सापडतच नसेल. हे मी भाषणात सांगतो, स्लाइडसकट. घरी मात्र तीन रविवार त्या खोलीत राहणारा माणूस सोडून बाकी सगळ्यांना विचारलं. विश्वालासुद्धा विचारलं.

परवा रंगारी आला. दाराची चौकट आणि दार गडद चॉकलेटी. जमिनीलगतची पट्टी तशीच, म्हणजे भिंत कुठे संपते ते कळेल. स्विचबोर्डाभोवती चार इंचांची चॉकलेटी चौकट आणि बोर्डात लाल दिवा असलेलं एक बटण, पलंगावरून हात पोचेल अशा उंचीवर. रंगारी म्हणाला, "आत्ता कसं झ्याक दिसतंय." त्याला पहिल्यांदाच मत होतं.

आणि भिंतींना ताक. अण्णा खोलीत असतात ते सकाळी सहा ते दहा, पेपर घेऊन, आणि रात्री नऊलाच झोपतात. त्या सकाळच्या गुलाबी उजेडात ताकच बरं दिसतं. तेव्हा बायको जिंकली. ट्यूब काढून पिवळसर दिवा लावलाय, तेवढंच माझं.

अण्णांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतर ते कायमचे इकडे येतील. तुमच्याकडे कोणी साठीपुढचं येऊन राहत असेल तर आज रात्री एक करा. त्यांच्या खोलीत दिवा बंद करून, डोळे किलकिले करून बटण शोधा. रंगाचं नंतर बघू.